रोग्याचाही पहारा

आपल्याकडे माणूस इस्पितळाची पायरी चढतो तेव्हा चपलांबरोबर आपली वाचाही बाहेर ठेवून आत जातो. घरात ज्याच्या शब्दावाचून पान हालत नाही असा कर्ता पुरुष खाटेवर आडवा होताच मुका होऊन जातो. आता दिली ती गोळी कशाची, उद्याची तपासणी कशासाठी, कालची सुई आणि आजची सुई एकच की निराळी, हे विचारणे त्याला औद्धत्याचे वाटते. उशाशी बसलेल्या आईच्या किंवा पत्नीच्या मनात एखादी शंका डोकावते. परंतु ‘आपल्याला त्यातले काय कळते’ असे स्वतःशीच म्हणून ती शंका पदराआड झाकते. या मौनात विनय आहे, श्रद्धा आहे, आणि ज्याच्या हाती आपला जीव सोपविला त्याला दुखवू नये ही व्यवहारबुद्धीही आहे. परंतु याच मौनात एक मोठा धोका दडलेला असतो, आणि त्याची जाणीव वैद्यकाला पुरतेपणी होऊ लागली ती अलीकडच्या काळात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे उपचार घेणाऱ्या दर १० रोग्यांमागे सुमारे एकाला त्या उपचारांच्या ओघातच काही ना काही इजा पोहोचते. असुरक्षित उपचारांपायी जगात दर वर्षी ३० लाखांहून अधिक माणसे प्राणास मुकतात. यांतील निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्याजोगी असते. हे आकडे ऐकून कोणाचाही संताप प्रथम डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर जाईल. पण बहुतेक चुकांच्या मुळाशी दुष्टपणा नसतो, क्वचित निष्काळजीपणा असतो, आणि फार वेळा असते ती हातांची गर्दी. एका रोग्याच्या सेवेत चार दिवसांत कितीतरी हात लागतात. एक डॉक्टर औषध लिहितो, दुसरी व्यक्ती ते वाचते, तिसरी ते फडताळातून काढते, चौथी ते देते. रात्रपाळीची परिचारिका सकाळच्या परिचारिकेला निरोप सांगून घरी जाते. प्रत्येक हाताला साखळीची एकच कडी दिसते. संबंध साखळी आरंभापासून शेवटपर्यंत जिच्या डोळ्यांसमोरून जाते अशी एकच व्यक्ती त्या इमारतीत असते. ती व्यक्ती म्हणजे स्वतः रोगी. आणि नेमका तोच गप्प असतो.

रोग्याला या कामात सामील करून घ्यावे हा विचार आज जगभर मांडला जात आहे. परंतु त्याची एक फार मोलाची परीक्षा आपल्याच देशात, मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, फार पूर्वी होऊन गेली आहे. तिची हकीकत रोगी, इस्पितळ आणि सुरक्षितता या तिघांचे नाते समजण्यास फार उपयोगी पडते.

१९५६ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद यांनी मिळून मद्रासमध्ये क्षयरोगाच्या औषधोपचारासंबंधी एक संशोधन केंद्र उघडले. क्षय हा शब्द त्या काळी घराघरात कुजबुजून उच्चारला जाई. ज्यांना ऐपत असे त्यांची वाट पाचगणीकडे किंवा मिरजेकडे वळे. मोकळी हवा, पूर्ण विश्रांती, दूधअंड्यांचा खुराक आणि माणसांपासून अलगपणा, ही सॅनिटोरियमची चतुःसूत्री होती. यांपैकी एकही गोष्ट घरी साधणार नाही, म्हणून घरी ठेवलेला क्षयरोगी स्वतःही बरा होणार नाही आणि घरच्यांनाही रोग लावील, असा सर्वांचा दृढ समज होता. सुरक्षितता म्हणजे भिंती, आणि त्या भिंतींच्या आत आज्ञाधारकपणे पडून राहिलेला रोगी, असे समीकरण बसले होते.

अडचण अशी होती की देशात रोगी लाखो होते आणि खाटा अवघ्या काही हजार. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि पॅस, व १९५२ साली आयसोनियाझिड, अशी खरोखर गुणकारी औषधे हाती आली होती. मग प्रश्न उभा राहिला: औषध जर तेच असेल, तर ते घरी घेतलेल्या रोग्याला चालणार नाही काय? मद्रासच्या केंद्राने याचे उत्तर तर्काने न देता प्रयोगाने देण्याचे ठरविले. शहराच्या गरीब, दाटीवाटीच्या वस्त्यांतील रोगी निवडून, चिठ्ठी टाकावी तशा निःपक्षपाती रीतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एक गट वर्षभर सॅनिटोरियममध्ये राहिला, दुसरा आपापल्या घरी. आयसोनियाझिड आणि पॅस ही औषधे मात्र दोघांनाही तीच.

दोन्ही गटांच्या राहणीत जमीनअस्मानाचे अंतर होते. सॅनिटोरियममधल्या रोग्याला पुरेसे अन्न, स्वच्छ अंथरूण, विश्रांती आणि परिचारिकांची शुश्रूषा मिळत होती. घरचा रोगी अपुऱ्या अन्नावर, लहानशा जागेत, मुलाबाळांच्या गजबजाटात राहत होता. अंगात थोडी शक्ती येताच त्याला कामावरही जावे लागत होते. तरीही वर्षअखेर थुंकीची तपासणी केली तेव्हा सॅनिटोरियममधील शेकडा ९२ आणि घरच्या गटातील शेकडा ८६ रोग्यांचा रोग शमल्याचे आढळले. १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे पाच वर्षे या रोग्यांचा मागोवा घेतला, तेव्हाही घरी उपचार घेतल्यामुळे कोणाचे विशेष नुकसान झाल्याचे दिसले नाही. सर्वांत मोठे आश्चर्य निराळेच होते. रोगी घरात राहिल्यामुळे त्याच्या कुटुंबीयांत क्षयाचे प्रमाण वाढले नव्हते. घरच्यांना लागण व्हायची ती बहुतेक रोग ओळखला जाण्यापूर्वीच होऊन गेलेली असे. औषध सुरू झाल्यावर तो धोका झपाट्याने ओसरत होता.

एवढ्यावरून ‘घर हेच उत्तम इस्पितळ’ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. घराने रोग बरा केला नाही, औषधाने केला. आणि औषध रोज, वर्षभर, न चुकता पोटात जावे यासाठी तेथे एक काळजीपूर्वक बसविलेली व्यवस्था होती. पॅस हे औषध मोठ्या मात्रेत घ्यावे लागे, त्याने मळमळे, पोट बिघडे. चारसहा आठवड्यांत ताप उतरला, खोकला थांबला, भूक लागू लागली, की हे नकोसे औषध कशाला घ्यायचे, असे कोणालाही वाटावे. म्हणून रोग्याने ठरलेल्या दिवशी केंद्रात येऊन औषध न्यायचे होते. प्रकृतीची, औषधाच्या त्रासाची, घरच्या अडचणींची विचारपूस तेथे होत असे. आरोग्यसेविका घरी जाऊन रोग्याशी आणि घरच्या माणसांशी बोलत. कधी त्या आगाऊ सूचना न देता जात, उरलेल्या औषधांची मोजदाद करीत, आणि रोग्याच्या लघवीची साधी रासायनिक परीक्षा करून औषध खरोखर पोटात गेले आहे की नाही ते पाहत.

या अचानक भेटींकडे दोन दृष्टींनी पाहता येते. कोणी म्हणेल की ही रोग्यावरची पाळत होती; त्याच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणून त्याच्या गोळ्या मोजल्या गेल्या. त्यात तथ्य आहे. परंतु केंद्रातील संशोधकांनी, विशेषतः आरंभीच्या वर्षांत तेथील कामाचे नेतृत्व करणारे डॉ. वॉलेस फॉक्स यांनी, या मोजदादीतून जो धडा घेतला तो रोग्याला कमी लेखणारा नव्हता. औषध चुकविणे हा अडाण्यांचा किंवा गरिबांचा दोष नसून तो मनुष्यस्वभाव आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. शिकलेला, सुस्थितीतला, समंजस दिसणारा रोगी औषध घेईलच आणि फाटक्या कपड्यांतला चुकवीलच, असे कोणाच्याही तोंडाकडे पाहून सांगता येत नाही. मग रोग्याला बोल लावण्याऐवजी व्यवस्थाच अशी हवी की चुकणे कठीण व्हावे आणि चुकले तर लगेच कळावे. यातूनच पुढे आठवड्यातून दोनदा, सेवकाच्या समक्ष औषध घेण्याची पद्धत मद्रासमध्ये तपासली गेली. १९६४ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. देखरेखीखाली औषध देण्याची जी रीत पुढे जगभर पसरली, तिच्या मुळांपैकी एक मूळ या शहरात आहे. १९६२ साली भारताने राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आखला तोही घरी घ्यावयाच्या उपचारांच्या पायावर. ते केंद्र आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था या नावाने चेन्नईच्या चेटपेट भागात काम करीत आहे.

मद्रासच्या प्रयोगाने एक गोष्ट कायमची सिद्ध केली: रोगी हा सुरक्षिततेच्या मार्गातील अडथळा नव्हे, तो तिचा एक आधार होऊ शकतो. मात्र त्या वेळी मोजदाद एकाच बाजूने होत होती. व्यवस्था रोग्याच्या गोळ्या मोजत होती. रोग्याने व्यवस्थेचे काही मोजावे, तिला काही विचारावे, ही कल्पना अजून जन्मायची होती. तिच्याकडे जाणारे पुढचे पाऊल त्याच शहरात, ३० वर्षांनी, एका दुसऱ्या भयंकर रोगाच्या निमित्ताने पडले.

१९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम उघडकीस आणला. डॉ. सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासमध्ये स्थायिक झालेल्या, चामड्याच्या व्यापारातील एका मराठी कुटुंबातल्या. हा रोग येथे आहे असे कळताच समाजात आणि इस्पितळांतही भयाची लाट उसळली. रोग्याला हात लावायला नकार, शस्त्रक्रियेला नकार, खाटेवर खूण, कागदावर लाल अक्षरे, असे प्रकार देशभर घडले. याचा परिणाम भीतीने अपेक्षिला होता त्याच्या नेमका उलट झाला. खरे सांगितले की दार बंद होते, हे पाहून रोगी खरे सांगेनासे झाले. आणि जो रोगी आपली हकीकत लपवितो त्याच्यावर अचूक उपचार करणे कोणालाही शक्य नसते. त्याचा जीव धोक्यात येतो आणि त्याची सेवा करणाऱ्यांचाही.

डॉ. सॉलोमन यांनी १९९३ साली आपल्या वडिलांच्या नावे वाय. आर. गायतोंडे केंद्र स्थापन केले. तेथे तपासणीच्या आधी आणि नंतर रोग्याशी बोलणे, त्याचे गुपित राखणे आणि त्याच्या कुटुंबाला विश्वासात घेणे यांना औषधाइतकेच महत्त्व दिले गेले. २०१५ साली त्यांचे निधन झाले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्यांच्या पिढीच्या अनुभवातून दोन गोष्टी सर्व इस्पितळांनी शिकाव्यात अशा आहेत. पहिली, विश्वास हा शिष्टाचाराचा भाग नसून सुरक्षिततेचे साधन आहे. गुपित राखले जाईल अशी खात्री असेल तरच रोगी बोलेल. दुसरी, प्रत्येकच रोग्याचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे समजून हातमोजे, निर्जंतुक सुया आणि स्वच्छता यांचा नियम सर्वांसाठी सारखा पाळावा, म्हणजे कोणाला वेगळे काढण्याचे कारणच उरत नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रोग्याची संमती, गुप्तता आणि भेदभावाविरुद्ध संरक्षण यांना कायद्याचे बळही दिले.

क्षय आणि एचआयव्ही हे वर्षानुवर्षे चालणारे रोग. त्यांत रोग्याला सामील करून घेण्यावाचून गत्यंतरच नव्हते. चार दिवसांसाठी इस्पितळात आलेल्या साध्या रोग्याने काय करावे? त्याच्या वाट्याला येणारे पहाऱ्याचे काम दिसायला लहान असते, पण ते दुसऱ्या कोणाला करता येत नाही.

पहिली गोष्ट नावाची. चेन्नईत तमिळ माणसांना बहुधा आडनाव नसते. वडिलांच्या किंवा पतीच्या नावाचे एक आद्याक्षर आणि पुढे स्वतःचे नाव, एवढीच ओळख. एकाच कक्षात दोन लक्ष्मी आणि तीन मुरुगन असणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही, आणि एका अक्षराच्या फरकावर कोणाचे रक्त कोणाला चढते हे अवलंबून राहते. आपल्याकडे आडनाव असूनही फरक पडत नाही. कोल्हापूरच्या कोणत्याही कक्षात जाऊन ‘पाटील’ अशी हाक मारून पाहावी! म्हणून औषध, रक्त किंवा तपासणी यांआधी परिचारिकेने ‘आपण लक्ष्मी ना?’ असे न विचारता ‘आपले पूर्ण नाव काय, जन्मतारीख कोणती?’ असे विचारावे, हा नियम झाला आहे. पहिल्या प्रश्नाला ग्लानीतला रोगी नुसती मान डोलावतो. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते. कोणी विचारले नाही तर रोग्याने आपण होऊन सांगावे. त्यात संकोच कसला?

दुसरी गोष्ट शस्त्रक्रियेची. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियागृहासाठी १९ मुद्द्यांची एक पडताळणी-यादी पुढे आणली. जगातल्या आठ शहरांत तिची परीक्षा झाली. त्यांत आपली नवी दिल्ली होती. यादी वापरू लागल्यावर मृत्यूंचे प्रमाण शेकडा दीडवरून ०.८ वर आले आणि गुंतागुंतीचे प्रमाण शेकडा ११ वरून ७ वर. या यादीतला पहिला मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. भूल देण्यापूर्वी रोग्यानेच आपले नाव, शस्त्रक्रियेची जागा, शस्त्रक्रिया कोणती आणि तिला आपली संमती आहे, हे सांगायचे. निष्णात शल्यविशारदांसाठी केलेल्या यादीचा आरंभ रोग्याच्या तोंडच्या शब्दांनी होतो!

तिसरी गोष्ट औषधांची. घरी चालू असलेल्या सर्व औषधांची चिठ्ठी, त्यांत वैद्याचा काढा आणि दुकानातून आणलेली अंगदुखीची गोळीही आली, रोग्याने बरोबर न्यावी. पूर्वी कोणत्या औषधाने अंगावर पित्त उठले, श्वास कोंडला, हे न विचारता सांगावे. रोजची गोळी पांढरी असता आज पिवळी आली तर ‘ही कशाची?’ असे विचारावे. कदाचित कंपनी बदलली असेल, आणि उत्तर मिळताच शंका मिटेल. पण कदाचित ती शेजारच्या खाटेची गोळी असेल. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो कळविण्याचा अधिकार डॉक्टरांप्रमाणे रोग्यालाही आहे. भारतात २०१० साली सुरू झालेल्या औषध-दक्षता कार्यक्रमाने त्यासाठी मराठीसह अनेक भाषांत साधे नमुनापत्र तयार केले असून १८००-१८०-३०२४ हा विनाशुल्क दूरध्वनीही ठेवला आहे.

चौथी गोष्ट हात धुण्याची, आणि ती सर्वांत अवघड. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूतिगृहात शिरण्यापूर्वी क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याचा नियम घातला आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने उतरले. तरीही त्याच्या समकालीन डॉक्टरांना आपल्या हातांनी रोग पसरतो हे मान्य करणे मोठे जड गेले. आज ते सर्वांना मान्य आहे. परंतु ‘डॉक्टरसाहेब, हात धुतलेत ना?’ हा प्रश्न आपल्याकडच्या किती रोग्यांच्या तोंडून निघेल? तो प्रश्न रोग्याने विचारावा अशी इच्छा असेल तर आधी डॉक्टरांनीच त्याला तशी मुभा द्यायला हवी. ‘मी विसरलो तर आठवण करा’ असे वरिष्ठ डॉक्टर एकदा सर्वांसमक्ष म्हणाले, की जे काम भिंतीवरच्या पन्नास पाट्यांनी होत नाही ते होते.

यापुढचा प्रश्न भाषेचा, आणि तो मराठी श्रोत्याला जवळचा आहे. चेन्नई आणि वेल्लोर येथील इस्पितळांत देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी जातात, महाराष्ट्रातूनही जातात. आपल्या भाषेत वेदनेला किती शब्द आहेत! ठणका, कळ, सल, चमक, मुरडा, आग, वळ. यांतला प्रत्येक शब्द जाणत्या डॉक्टरला रोगाची एक दिशा दाखवितो. तमिळ परिचारिकेला हे शब्द परके, आणि तिचा ‘वलि’ हा दुखण्याचा शब्द मराठी रोग्याला परका. दोघे मोडक्या हिंदीत किंवा इंग्रजीत भेटतात तेव्हा या सर्व छटा पुसल्या जाऊन नुसते ‘दर्द’ किंवा ‘पेन’ उरते. अशा ठिकाणी दुभाषी ही चैन नसून उपचारांचाच भाग आहे. घरी जाताना दिलेल्या सूचना रोग्याने आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवाव्यात, ही साधी पद्धत फार गुणकारी आहे. रोग्याने ‘होय, होय’ म्हटले म्हणजे त्याला समजले असे होत नाही. सकाळ-संध्याकाळ म्हणजे किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कोणते लक्षण दिसले तर तडक परत यायचे, हे त्याने उलट सांगितले म्हणजेच निरोप पोहोचला.

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. रोग्याने जागरूक राहावे असे म्हणता म्हणता सारी जबाबदारी त्याच्याच माथी मारण्याचा मोह इस्पितळांना होऊ शकतो. बेशुद्ध रोगी काय पहारा देणार? तान्हे मूल काय विचारणार? फुकट उपचार घेणारा मजूर, आपण बोललो तर आपल्याकडे दुर्लक्ष होईल या भीतीने ओठ मिटून बसला, तर त्याचा दोष काय? रोग्याचा पहारा हा इस्पितळाच्या पहाऱ्याच्या जोडीला आहे, जागी नाही. आणि रोगी बोलला तरी ऐकणारा कान नसेल तर ते बोलणे वाऱ्यावर जाते.

इंग्लंडमधील एका घटनेने हे फार दुःखद रीतीने दाखवून दिले. २०२१ साली मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, तिच्या स्वादुपिंडाला मार लागला. लंडनमधील नामांकित इस्पितळात असताना तिच्या रक्तात जंतुदोष भिनला. तिची प्रकृती ढासळत आहे हे आईवडिलांना दिसत होते, ते तसे सांगतही होते. पण त्यांच्या काळजीची वेळेवर दखल घेतली गेली नाही, आणि मुलगी दगावली. वेळीच अतिदक्षता विभागात हलविली असती तर ती बहुधा वाचली असती, असा निर्वाळा पुढे मृत्यूच्या चौकशीत दिला गेला. तिच्या आईवडिलांनी सूडाची मागणी केली नाही, नियमाची केली. २०२४ पासून इंग्लंडच्या इस्पितळांतून ‘मार्थाचा नियम’ टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आपल्या माणसाची प्रकृती बिघडत आहे अशी शंका आल्यास घरच्यांना दुसऱ्या स्वतंत्र वैद्यकीय पथकाकडून तातडीने तपासणी मागता येते. आईच्या मनातली शंका पदराआड न राहता तिला इस्पितळाच्या नियमावलीत जागा मिळाली.

आपल्या देशातही पाया घातला गेला आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय दिला. २००८ साली त्याच न्यायालयाने, पुरेशी माहिती दिल्यावाचून घेतलेली संमती ही संमती नव्हे, हे स्पष्ट केले. २०१८ साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने रोग्यांच्या हक्कांची सनद तयार केली. आजाराची माहिती, उपचारांचे कागद, दुसऱ्या डॉक्टरचे मत आणि सुरक्षित, दर्जेदार उपचार यांवर रोग्याचा हक्क आहे असे ती सांगते. जागतिक आरोग्य परिषदेने १७ सप्टेंबर हा रुग्णसुरक्षेचा दिवस म्हणून २०१९ मध्ये मान्य केला, आणि २०२३ साली त्या दिवसाचा विषयच ‘सुरक्षिततेत रोग्यांचा सहभाग’ हा होता.

परंतु सनदा भिंतीवर लटकतात. खाटेपर्यंत त्या पोहोचवाव्या लागतात माणसांनी. याही बाबतीत चेन्नईकडे पाहण्यासारखे आहे. १९९९ पासून तेथे काम करणाऱ्या ‘रीच’ या संस्थेने क्षयातून बऱ्या झालेल्या स्त्रीपुरुषांना शिकवून तयार केले आहे. ते नव्या रोग्यांना औषधाचे त्रास समजावून सांगतात, धीर देतात, आणि रोग्यांच्या अडचणी आरोग्य खात्याच्या कानी घालतात. ज्यांना पॅसच्या काळी नुसते मोजले जात होते, त्यांच्या वारसांनी आता व्यवस्थेच्या उणिवा मोजायला सुरुवात केली आहे.

१९५६ साली मद्रासच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत आरोग्यसेविका अवचित दार ठोठावी, डबीतल्या गोळ्या मोजी आणि आकडा वहीत टिपून घेई. त्या मोजदादीने असंख्य जीव वाचविले, कारण ती चूक धरण्यासाठी नव्हती, चूक वेळेवर कळण्यासाठी होती. आज गरज आहे ती त्याच मोजदादीची दुसरी बाजू भरून काढण्याची. खाटेवरच्या रोग्याने ‘ही गोळी कशाची?’ असे मृदुपणे विचारावे, आणि परिचारिकेने कपाळाला आठी न घालता गोळीचे नाव वाचून दाखवावे. या लहानशा प्रश्नोत्तरात दोघांचीही अब्रू राखली जाते, आणि प्रसंगी एक प्राणही.